बोटभर उंबरा

त्यांचं आडनाव आतले नव्हतं. पण कारखान्यात तीस वर्षं सगळे त्यांना आतलेच म्हणत आले, आणि ते इतकं अंगवळणी पडलं की एकदा नव्या पोस्टमननं पत्रावरचं खरं नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा खुद्द त्यांनीच "असं कुणी नाही इथं" म्हणून त्याला परत पाठवलं होतं. कारखाना हा शब्द तसा मालकाच्या समाधानासाठी. चार खिडक्यांची एक लांब खोली, तिच्यात तीन कारागीर आणि चौथा मालक. तिथं चामड्याची होल्स्टर हातानं बनत. कमरेच्या पट्ट्याला अडकवून पिस्तूल ठेवतात ते होल्स्टर. कारखान्यात त्याला म्यानच म्हणायचे. कापणं, शिवणं, कडा रंगवणं, वर नक्षी उठवणं हे बाकीच्यांकडे. आतली बाजू घोटायचं काम यांच्याकडे, म्हणून हे आतले.

"हे आमचे आतले," मालक गिऱ्हाइकाला सांगायचा. "आतल्या गाठीचे नव्हेत हं, नुसते आतले."

तीस वर्षं हा एकच विनोद, आणि तोही अर्धा खोटा. आतले चांगलेच आतल्या गाठीचे होते. पोटातलं ओठावर येऊ द्यायचं नाही ही त्यांची सवय. बायको गेली तेव्हासुद्धा त्यांनी मालकाला फक्त "तीन दिवस येणार नाही" एवढंच सांगितलं होतं, आणि चौथ्या दिवशी येऊन डिंक भिजत घातला होता.

चामड्याला दोन बाजू असतात. सुलट बाजू जनावराच्या केसांकडची, ती मुळातच गुळगुळीत. उलट बाजू मांसाकडची, ती खडबडीत आणि लव आलेली. चामडं वळून म्यान केलं की ही उलट बाजू आत जाते आणि पिस्तुलाला तिच्याशीच संसार करावा लागतो. लव तशीच सोडली तर तिचे तंतू सुटतात, पिस्तुलाच्या सांध्यात जाऊन बसतात, ओल धरतात आणि लोखंडाला गंज चढतो. म्हणून ती घोटायची. डिंक आदल्या दिवशी भिजत टाकायचा, म्हणजे सकाळी तो खळीसारखा होतो. चामडं ओल्या फडक्यानं दमट करायचं, डिंक लावायचा, आणि जाड काचेच्या तुकड्यानं एकाच दिशेनं घोटत जायचं. वाळू द्यायचं, पुन्हा घोटायचं, असं तीनदा. शेवटी कापसाचा पुंजका त्यावरून ओढायचा. एक तंतू जरी अडकला तरी पहिल्यापासून सुरुवात. हे सगळं शिवण्याआधी. एकदा शिवलं की आत बोटसुद्धा धड जात नाही.

आणि एवढं करून ते बघतं कोण? गिऱ्हाईक नक्षीवर हात फिरवतं, टाके मोजतं, चामड्याचा वास घेतं आणि जातं. आत कुणी डोकावत नाही. एकदा एका हौशी माणसानं आत लाल मखमल लावून मागितली. आतले म्हणाले, "मखमल अंगठीच्या डबीला ठीक. ती ओल धरते. अंगठी गंजत नाही, फार तर नवराबायको गंजतात. पिस्तूल गंजतं." तो माणूस मखमल न लावताच म्यान घेऊन गेला. आतल्यांनी आयुष्यात केलेल्या मोजक्या विनोदांपैकी हा एक, आणि तोही त्यांनी हसून केला नव्हता.

त्यांना हे काम एका म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलं. त्यानं पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट बजावली होती. म्यानाच्या तोंडापासून चार बोटं खाली, जिथं पिस्तुलाच्या घोड्याभोवतीची कडी टेकते, तिथं बोटभर रुंदीची एक पट्टी घोटायची नाही. ती खरखरीतच सोडायची. तिला त्यानं नाव दिलं होतं उंबरा. "फरशी कितीही घोट," तो म्हणायचा, "उंबरा घोटायचा नाही. नाहीतर आतलं बाहेर कधी गेलं, घराला कळत नाही." काही म्यानांना वरून बंद करायची पट्टी असते. यांची म्यानं उघड्या तोंडाची. पिस्तूल धरून ठेवायचं ते फक्त चामड्याच्या घडणीनं आणि या बोटभर उंबऱ्यानं. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसे.

असंच एक उघड्या तोंडाचं म्यान बावीस वर्षं आतल्यांच्या बहिणीच्या नवऱ्याच्या कमरेला होतं.

बहीण म्हणजे ताई. आई गेली तेव्हा आतले पाच वर्षांचे होते आणि ताई अकराची. तिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं आणि बापाचा पट्टा उठला की मध्ये पडून "मी सांडलं, त्यानं नाही" असं बेधडक खोटं बोलून मार खाल्ला. एवढं करून तिनं भावाकडे कधी काही मागितलं नाही. तिचा नवरा एका बँकेच्या दारावर गार्ड होता. धिप्पाड, मिशाळ, आणि बोलायला लागला की समोरच्याला हसवून हसवून बेजार करणारा. दर रविवारी आतले त्यांच्याकडे जेवायला जात, आणि दर रविवारी भावोजी ताटावर बसताना तेच म्हणत, "मेहुणे, तुमच्या घरच्या दोन चिजा माझ्या पदरात पडल्या. एक तुमची बहीण, एक हे म्यान. दोघींचं तोंड कायम उघडं."

"आणि धरून ठेवतात त्याचं काय?" ताई आतून विचारायची.

"धरतात, धरतात. सुटायला वावच नाही."

मग गेल्या वर्षी भावोजींना झटका आला. हलकाच होता. तोंड वाकडं झालं नाही, पाय वाचला, पण उजव्या हाताच्या बोटांतली ताकद गेली. कचेरीत कावीळ झाल्याचं कळवून दोन महिने रजा काढली आणि ते पुन्हा दारावर उभे राहिले. दारात उभं राहायला हात लागत नाही. सलाम थोडा तिरका पडे, पण बँकेतल्या लोकांना सलामाकडे बघायची सवय नव्हती. अडचण एकच होती. वर्षातून दोनदा गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीचा साहेब तपासणीला येई. बँकेच्या मागच्या आवारात तो सगळ्यांना रांगेत उभं करी आणि एक, दोन, तीन म्हणे. तीनच्या आत रिव्हॉल्व्हर म्यानातून बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर त्या गार्डला घरी पाठवत.

तपासणीच्या पंधरा दिवस आधी ताई कारखान्यात आली. तीस वर्षांत पहिल्यांदा. दुपारची वेळ, बाकीचे जेवायला गेलेले. तिनं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं म्यान काढून आतल्यांच्या पाटावर ठेवलं.

"शिवण उसवलीय म्हणून सांगितलंय त्यांना," ती म्हणाली.

आतल्यांनी म्यान उलटंसुलटं करून पाहिलं. "उसवली कुठंय?"

"नाहीच उसवली. तू बस, ऐक. रोज संध्याकाळी ते दार लावून घेतात नि म्यानातून रिव्हॉल्व्हर ओढत बसतात. मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. दहादा ओढतात तेव्हा एकदा निघतं. मग बाहेर येऊन म्हणतात, बघ, उद्या अजून सुधारेल. नाही रे सुधारणार. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, आता आहे तेवढाच हात. मी नाही सांगितलं त्यांना."

"मग?"

"तू आत असं काहीतरी कर की ते बोटभर ओढलं तरी बाहेर येईल. आणि त्यांना कळता कामा नये. त्यांना वाटू दे हात सुधारला."

"ताई, ढिलं होईल ते. पिस्तूल राहायचं नाही."

"दारात उभं तर राहायचं असतं. धावायचंय कुठं त्यांना?" ताईनं पदरानं तोंड पुसलं. "ते दार गेलं ना, तर हा माणूस खुर्चीत बसून मरेल. मला दिसतंय ते."

ताईला नाही म्हणण्याची आतल्यांच्या जिभेला सवयच नव्हती. ती गेल्यावर त्यांनी आरीनं म्यानाच्या कडेची शिवण एकेक टाका उकलत सोडवली आणि चामडं पुस्तकासारखं उघडलं. बावीस वर्षांपूर्वीचं त्यांचंच काम समोर होतं. आतली बाजू अजून काचेसारखी, आणि मधोमध बोटभर उंबरा, रिव्हॉल्व्हर टेकून टेकून काळपट झालेला. बाकीच्या चामड्याची घडण वयानं सैल पडली होती. इतकी वर्षं खरं म्हणजे तो एकटा उंबराच रिव्हॉल्व्हर धरून होता, हे आतल्यांना एका नजरेत कळलं.

कळूनही त्यांनी फडकं ओलं केलं. डिंक लावला. काच हातात घेतली आणि तीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. पहिल्यांदा काच अडखळली, दुसऱ्यांदा कमी अडखळली, तिसऱ्यांदा सरळ निघून गेली. कापूस ओढून पाहिला, एक तंतू अडकला नाही. मग जुन्याच भोकांतून मेणाचा दोरा घालून शिवण जशीच्या तशी बंद केली. संध्याकाळी मालक पाटाशी आला तेव्हा म्यान वाळत होतं. "घरचं आहे, शिवण गेली होती," आतले म्हणाले, आणि आपण किती सहज खोटं बोललो याचं त्यांना नवल वाटलं.

तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी भावोजी स्वतः कारखान्यात आले, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन.

"दोन!" दारातूनच ते ओरडले. "साहेबानं दोन म्हटलं नि रिव्हॉल्व्हर बाहेर! तीन म्हणायला त्याचं तोंड उघडलेलंच राहिलं. म्हणतो, या तरुण पोरांना शिकवा जरा. हात आला, मेहुणे! गेलेला हात परत आला!"

त्यांनी उजवा हात पुढं केला. आतल्यांनी तो हातात घेतला. हात झटक्यानंतर होता तसाच नरम, कसलीही पकड नसलेला. पण भावोजींचा चेहरा बघण्यासारखा होता. मिशीखाली दात दिसत होते, डोळे भरले होते, आणि सबंध कारखान्याला ते बिस्किटं वाटत फिरत होते. आतल्यांनी दोन बिस्किटं खाल्ली.

त्या दिवसापासून भावोजींनी डावा हात खिशात घातला म्हणायचा. दाढी उजव्या हातानं करू लागले आणि गालावर रोज नवा कापसाचा बोळा. पाण्याची घागर उजव्या हातानं भरू लागले आणि अर्धं पाणी जमिनीवर. जुन्या वहीवर रोज स्वतःची सही गिरवायची, एक पान. रविवारी जेवताना घास उजव्या हातानं तोंडात जाईपर्यंत अर्धा सांडे, पण पठ्ठ्याची ऐट अशी की जणू पंगतीत वाढतोय. ताई भावाकडे बघे आणि नजर खाली घेई. तिला आनंद लपवता येत नव्हता आणि भीतीही.

दोन महिने असे गेले. मग एका सकाळी बँकेत एका म्हाताऱ्या बाईच्या हातून पासबुक खाली पडलं. भावोजी दारातून चार पावलं पुढं झाले, "असू दे आजी, मी देतो" म्हणाले आणि उजव्या हातानं ते उचलायला वाकले. म्यान तिरपं झालं. रिव्हॉल्व्हर आपसूक बाहेर आलं, फरशीवर आदळलं आणि घसरत घसरत थेट रांगेतल्या लोकांच्या पायांत गेलं.

गोळी सुटली नाही. कुणाला खरचटलंही नाही. पण एक बाई किंचाळली, आठ-दहा जण जमिनीवर पालथे झाले, खिडकीतल्या कारकुनानं धोक्याची घंटा दाबली, आणि एका गृहस्थानं कुणी न सांगताच दोन्ही हात वर केले. घंटा बंद झाल्यावर त्याच गृहस्थाला बघून कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. भावोजी तेवढे रिव्हॉल्व्हर हातात घेऊन मध्ये उभे होते. त्याच दुपारी एजन्सीनं ते रिव्हॉल्व्हर आणि गणवेश ठेवून घेतला. म्यान त्यांच्या मालकीचं म्हणून त्यांना परत दिलं.

आतल्यांना वाटलं, आता भावोजी म्यान तपासतील, आत बोट घालतील आणि सगळं उघडकीस येईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण भावोजींनी म्यानाकडे बघितलंसुद्धा नाही. मेहुण्यानं केलेल्या म्यानात खोट असेल हा विचार त्या माणसाच्या मनाला शिवला नाही. त्यांनी दुसरंच ठरवलं.

"हात ठीक आहे," रविवारी ते म्हणाले. "डोकं गेलं. मी आधी कधीतरी रिव्हॉल्व्हर काढून बघितलं असणार आणि नीट आत बसवलं नसणार. आणि मला आठवत नाही. बसवलं की नाही हेच आठवत नाही."

"असं काही नसतं, भावोजी."

"नाहीतर पडेल कसं ते? बावीस वर्षांत पडलं होतं?"

याला उत्तर होतं, आणि ते आतल्यांच्या पोटात होतं. त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

भीती बसली की माणूस स्वतःच तिला पुरावे गोळा करून देतो. भावोजी दिवसातून दहादा गॅस बंद आहे का बघू लागले. कडी लावली की परत जाऊन लावली का बघायची. जेवण झाल्यावर ताईला विचारायचं, "मी भाजी दोनदा घेतली की एकदा?" आठवत नव्हतं असं नाही, पण आठवतंय यावर विश्वास राहिला नव्हता. एकटं बाहेर पडणं थांबलं. थट्टा तर पार बंद. आतले जेवायला बसत आणि त्या उघड्या तोंडाच्या विनोदाची वाट बघत. तो यायचा नाही, आणि ताटातलं अन्न गोड लागायचं नाही. एवढं करून उजव्या हाताचं गिरवणं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. "एक तरी अवयव शाबूत असू दे," ते म्हणत.

"सांगून टाकू त्यांना," आतले एकदा जिन्यात ताईला म्हणाले.

"खबरदार." ताईनं त्यांचं मनगट धरलं. "हात बरा झाला, एवढीच एक गोष्ट उरलीय त्यांच्याजवळ. ती काढून घेऊ नकोस."

"आणि डोकं गेलं असं वाटतंय ते?"

"ते मी बघते. हळूहळू निघेल मनातून."

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते आतल्यांना आता रोज कळत होतं. कारखान्यात काच घोटत घोटत उंबऱ्यापाशी आली की हात थांबे. पूर्वीही थांबायचा, पण तेव्हा सवयीनं. आता चोरासारखा थांबे. एकदा तर तिथंच इतका वेळ थांबले की डिंक सुकून चामड्यावर डाग उठला आणि तुकडा फेकून द्यावा लागला. मालक म्हणाला, "आतले, आत काय चाललंय तुमच्या?" आणि स्वतःच्या कोटीवर हसला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं आतल्यांना सारखं वाटे. पण त्यातलं खरं दुःख वेगळं होतं. ताईनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती देताना त्यांनी तिच्या नवऱ्याचं दार तर घालवलंच, वर त्याचा स्वतःवरचा भरवसाही घालवला होता.

महिन्याभरानं ताईनं आनंदाची बातमी सांगितली. भावोजींच्या एका जुन्या सोबत्यानं शब्द टाकला होता. एका वसतिगृहाच्या फाटकावर माणूस हवा होता. हत्यार नाही, तपासणी नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वहीत नोंद ठेवायची आणि फाटक उघडायचं. माणूस पुरवणारी एजन्सी तीच जुनी, पण सोबत्यानं साहेबाला पटवलं होतं. सोमवारपासून यायला सांगितलं होतं. ताईच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला होता.

आदल्या शनिवारी कारखाना दुपारी लवकर सुटला. आतले सरळ ताईकडे गेले. दार उघडंच होतं, ताई बाजारात गेली होती. भावोजी भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहून बाहेर जायच्या शर्टाची बटणं लावत होते.

"या मेहुणे. बरं झालं आलात. मला एजन्सीपर्यंत सोबत करा. एकटं जायचं धाडस होत नाही."

"सोमवारच्या कामाचं काही सही-बिही करायचं का?"

"नाही." भावोजी आरशात बघून बोलत होते. "लिहून द्यायचंय त्यांना. माझं डोकं ठिकाणावर नाही, मला कुठल्याच दारावर ठेवू नका, असं. शेदोनशे मुलं राहतात हो त्या वसतिगृहात. उद्या फाटक उघडं टाकून आलो आणि आठवलं नाही तर? बँकेत निभावलं. मुलांच्या बाबतीत नको. हिला नाही सांगितलं, रडत बसेल."

"भावोजी, असं लिहून देऊ नका."

"का? खोटं आहे?"

"खोटं आहे."

"तुम्हाला काय ठाऊक?"

आतल्यांनी खुर्चीची पाठ धरली. एकदा ते लिहून गेलं की परत कुणी या माणसाला दारावर उभं करणार नव्हतं. ताई घरात नव्हती, तिला विचारायला वेळ नव्हता. आयुष्यभर पोटात ठेवायची सवय असलेल्या माणसाला बोलायचं म्हटलं की मोजूनमापून बोलता येत नाही. सगळं एकदम बाहेर येतं. तसंच झालं. म्यानाच्या आत एक बोटभर पट्टी असते, ती घोटायची नसते. ती मी घोटली. शिवण उसवली नव्हतीच. ताईनं आणून दिलं होतं, पण चूक तिची नाही, घोटलं मी. तुम्ही रिव्हॉल्व्हर नीटच बसवलं होतं. कुणीही बसवलं असतं तरी ते वाकल्यावर पडलंच असतं. डोक्याला काही झालेलं नाही तुमच्या, भावोजी, मीच ते ढिलं केलं होतं.

बोलताना ते भावोजींच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता त्यावर सुटका दिसेल, अशी त्यांना खात्री होती. आणि ती दिसलीही, क्षणभर.

"म्हणजे डोकं शाबूत आहे," भावोजी म्हणाले.

"अगदी शाबूत."

"तरीच. मी म्हणत होतो, मला बाकी सगळं कसं आठवतं." ते हसले. मग हसू थोडं मागं गेलं. "पण का घोटलीत ती पट्टी?"

आतल्यांनी खुर्चीची पाठ सोडली.

"रिव्हॉल्व्हर लवकर निघावं म्हणून," भावोजींनीच सावकाश उत्तर दिलं. "तपासणीत. दोन म्हणताच निघालं ते." त्यांनी आरशाकडे पाठ केली. "म्हणजे हात बरा नव्हताच झाला."

तेव्हा कुठं आतल्यांची नजर त्या हाताकडे गेली. भावोजींनी शर्टाची वरची तीन बटणं लावली होती. नीट, ज्याच्या त्याच्या काजात. चौथं त्यांच्या उजव्या अंगठ्यात आणि बोटात होतं, अर्धं काजाच्या आत गेलेलं. डावा हात शर्टाची कड नुसती धरून होता. इतका वेळ ते बोलत होते, आरशात बघत होते, आणि तो हात आपलं आपण बटणं लावत होता.

"झालाय!" आतले ओरडले. "भावोजी, झालाय हो! हे काय, बघा ना, बटणं कुणी लावली ही?"

भावोजींनी खाली मान घालून हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बटण काजातून मागं सरकलं. त्यांनी ते पुन्हा पकडलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा बोटं बटणापर्यंत गेली आणि तिथंच थरथरत राहिली.

"काम मात्र चोख करता तुम्ही, मेहुणे," ते म्हणाले. "मला तिळमात्र कळलं नाही."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आतल्यांना सोसला असता.

जिन्यात पावलं वाजली आणि ताई पिशव्या घेऊन आत आली. भावाला बघून तिचा चेहरा खुलला. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"असे काय उभे? कुठं निघालात? बटणं लावा की."

"तू लाव," भावोजी म्हणाले.

"मी?" ताई हसली. "महिना झाला, रोज स्वतः लावताय. मला हातसुद्धा लावू देत नाही."

"आता नाही लागणार," ते म्हणाले, आणि उजवा हात खाली सोडला.

ताईनं पिशव्या जमिनीवर ठेवल्या. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग ती पुढं झाली आणि उरलेली बटणं लावू लागली.